केसभर ढील

तिने उजव्या अंगठ्याने दांडी जराशी पुढे रेटली आणि भिंतीपलीकडे, जिथे माणसाने पाऊल टाकायचं नाही म्हणून पिवळा पट्टा मारलेला होता, तिथे खेकड्याने आपला चिमटा उघडला. पडद्यावर तो आधी अंधुक दिसला, मग धूळ खाली बसली तसा स्पष्ट होत गेला. दोन भिंतींच्या सांध्यात शिशाचा एक जुना नळ अडकून बसला होता. त्या नळात अजून काय उरलंय ते कुणालाच ठाऊक नव्हतं. तिने चिमटा नळाभोवती नेला, मिटला, आणि श्वास रोखून दांडी मागे घेतली. नळ अलगद बाहेर आला. वाकला नाही, फुटला नाही, एक थेंब सांडला नाही.

"सुटली बाळंतीण," दारात उभा असलेला सुपरवायझर म्हणाला. "काय सुईणबाई, मुलगा की मुलगी?"

"तुमच्यावर गेलंय. नुसतंच लांब, आणि आतून पोकळ."

तो हसत पुढे गेला. त्याच्या बुटांचा आवाज विरेपर्यंत ती पडद्याकडे बघत राहिली, आणि मग दोन्ही हात पेटीवरून काढून तिने मांड्यांखाली दाबून धरले. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. तिची उजवी मूठ झाकूनही गप्प बसत नव्हती.

कारखाना आम्लाचा होता. बंद पडून इतकी वर्षं झाली होती की त्याच्या भोंग्यावर घड्याळं लावणारी माणसंही आता कुणी राहिली नव्हती. टाक्यांच्या दालनातली जमीन आम्लाने खाल्ली होती, छताचे तुकडे गंजक्या सळयांना लोंबत होते, आणि आत क्षणभर उभं राहिलं तरी घसा सोलून निघायचा. म्हणून आत माणूस नको, आत खेकडा. साखळीच्या पट्ट्यांवर चालणारं, चार पाय फाकवून उभं राहणारं, एका लांब हाताचं ते यंत्र होतं. त्याच्यावर बसायला जागाच नव्हती. त्याला चालवणारी बाई अंगणाच्या या टोकाला, लोखंडी खोलीत, कमरेला पट्ट्यांनी पेटी बांधून बसायची. पेटीवर दोन दांड्या आणि समोर पडदा.

पडद्यातलं जग तिला मनापासून आवडायचं. तिथे आवाज नव्हता. भिंती कोसळायच्या त्या झोपेत कूस बदलावी तशा. छताच्या भोकांतून ऊन खाली यायचं आणि धुळीत नुसतं उभं राहायचं, कुणाची तरी वाट बघत असल्यासारखं. एका खुंटीवर कुण्या कामगाराचा कोट अजून टांगलेला होता. जवळपास काही पडलं की तो खांदे उडवल्यासारखा हलायचा आणि पुन्हा स्वस्थ व्हायचा. ती त्या कोटाला वळसा घालून काम करायची, का ते तिलाही सांगता आलं नसतं. दिवसभर तिथे वावरून घरी आली की आपल्याला दोनच पाय कसे, असं तिला थोडा वेळ वाटत राहायचं. एकदा नवऱ्याला हे सांगितलं तर तो म्हणाला, "चार असते तर चपलांना पैसे पुरले नसते." नवरा शिंपी होता. त्याला सगळं मापात लागायचं.

थरथर गेल्या हिवाळ्यात सुरू झाली. आधी अंगठा, मग अख्खा पंजा. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं. तिने ते नाव तिथेच ठेवून दिलं, घरी आणलं नाही. जन्मभर सुईत दोरा ओवणाऱ्या माणसाला हात थरथरतोय हे कळणार नाही, असं कसं होईल? नवऱ्याकडून तिचा चहा अर्ध्या कपाने येऊ लागला. डॉक्टर म्हणाले होते, जिवाला धोका नाही, पण हात दिवसेंदिवस कमी ऐकत जाईल. तिला जिवाची काळजी नव्हती. तिला त्या दोन दांड्यांची काळजी होती. उभ्या आयुष्यात तिला एकच गोष्ट इतरांपेक्षा चांगली जमली होती, आणि ती या हातात होती.

नवल असं, की खेकडा थरथरत नव्हता. घरी बशीवर कप वाजायचा आणि इथे तो टनावारी वजनाचा हात गाढ झोपलेल्या माणसासारखा शांत असायचा. दांडी मधल्या जागेवरून किंचित सरकली तर यंत्र ते मनावर घेत नाही, तेवढी ढील प्रत्येक दांडीला असतेच. त्या ढिलीत आपली थरथर बुडून जाते, असं तिने स्वतःला समजावलं होतं. मनातल्या मनात ती आणखी पुढे गेली होती. खेकडा आपल्याला ओळखतो, सांभाळून घेतो, असंच तिला वाटत होतं. हवं ते खरं मानायला माणसाला कितीसा वेळ लागतो?

पण तिच्या दिराला हे कळलं तर सगळं संपलं, याबद्दल तिच्या मनात शंका नव्हती.

धाकटा दीर याच साइटवर यंत्राचा मिस्त्री होता, आणि त्या दोघांत नीट बोलणं असं उरलं नव्हतं. कंपनीने खेकडा आणला तेव्हा तो चालवायला दिराचंच नाव सगळ्यांच्या तोंडी होतं. केबिनमध्ये बसून चालवायची सगळी धुडं त्याने चालवली होती. चाचणी साधी होती. काठोकाठ भरलेली पाण्याची बादली चिमट्याने उचलायची आणि पडद्यात बघून टेबलावर ठेवायची. तो पेटी बांधून बसला. यंत्र वळलं, पडद्यातली भिंत वळली, आणि बुडाखालची खुर्ची मात्र जागच्या जागी. त्याच्या पोटात ढवळून आलं. सगळ्यांच्या देखत त्याला बाहेर धावावं लागलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. ती तेव्हा स्टोअरमध्ये हेल्मेट आणि हातमोजे वाटायची. कुणीतरी थट्टेने म्हणालं, "आता वहिनींना बसवा." ती बसली. बादली टेबलावर गेली, टेबल कोरडंच राहिलं, आणि दिराची जागा गेली.

तेव्हापासून तो तिच्याशी बोलायचा ते असं: "तेल बदललंय." "बॅटरी भरली." "बूट पुसून आत जा." तो वरच्या मजल्यावर एकटा राहायचा आणि दर रविवारी खाली जेवायला यायचा. वाढणारी ती असली तरी मीठ मागायचा ते भावाकडे. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, त्यातला माणूस. आपला हात कापतो हे समजलं तर हा धावत साहेबांकडे जाईल आणि तिथून पेढे वाटत येईल, असं तिला वाटायचं. म्हणून तो खोलीत आला की ती पेटीला हात लावायची नाही. चष्मा पूस, केस बांध, काहीतरी करत राहायची.

शेवटची टाकी काढायची त्या दुपारी सगळं संथ होतं. दालन जवळजवळ रिकामं झालं होतं. उरली होती ती कोपऱ्यातली एक टाकी, तळाशी गाळ असलेली, आणि तिच्या डोक्यावर छताचा एक मोठा तुकडा, चार सळयांच्या आधाराने लोंबणारा. आधी टाकी बाहेर ओढायची आणि मग छताला काय करायचं ते करू द्यायचं, असं ठरलं होतं. तिने खेकड्याला छताखाली नेलं, टाकीचा कान चिमट्यात धरला आणि मागे घ्यायला सुरुवात केली. टाकी हातभर सरकली. पडद्यात ऊन हललं. आणि डावी दांडी तिच्या बोटांखाली मेली.

तिने दांडी पुढे केली, मागे केली. काहीच नाही. पेटी बंद करून चालू केली. खेकडा टाकी धरून उभाच. वर एक सळई सुटली आणि छताचा तुकडा एका अंगाने कलला. धूळ सावकाश खाली येत होती. पडद्यात ते सुंदर दिसत होतं, आणि त्याचा तिला त्या क्षणी फार राग आला.

कपाटात राखीव पेटी होती, अजून प्लास्टिकमधून न काढलेली. तिने ती कशीबशी फोडून कमरेला बांधली, यंत्राशी जोडली आणि दांडीवर अंगठा टेकवला.

खेकडा थरथरू लागला.

तिने दांडी हलवलीसुद्धा नव्हती. नुसता अंगठा टेकवला होता. तरी तो लांब लोखंडी हात कापत होता, अगदी तिच्या हातासारखा, त्याच तालात, मध्येच थबकून पुन्हा सुरू होणारा. चिमट्यात टाकीचा कान खडखडत असणार. वरची दुसरी सळई वाकली. आपला हात तिने इतका मोठा कधी पाहिला नव्हता. तिने दोन्ही हात वर उचलून घेतले, कुणीतरी पिस्तूल रोखल्यासारखे, आणि तसेच धरून राहिली.

"ही कशाला घेतलीत?"

दारात दीर उभा होता. खांद्यावर तेलाची नळी, हातात पाना. तो केव्हापासून तिथे होता कोण जाणे. हात लपवायला आता जागा नव्हती. ते हवेत होते आणि कापत होते.

"ती बंद पडली," ती म्हणाली.

"ही कोरी आहे, वहिनी. हिला ढील नाही."

"ढील सगळ्यांनाच असते."

"असते. केसभर." तो पडद्याकडे नाही, भिंतीकडे बघत बोलत होता. "तुमच्या पेटीला बोटभर आहे. दर शनिवारी देत होतो."

काही क्षण तिला त्या वाक्याचा अर्थच लागला नाही. दर शनिवारी तो पेटी घेऊन वर्कशॉपमध्ये जायचा. साफ करायला नेतो, असं ती समजत होती.

"कधीपासून?"

"तेल गरम यायला लागलं तेव्हापासून. काम सुईणीचं आणि तेल भट्टीवरचं, असं कसं? दांडी सारखी हलली की तेल तापतं. दांडी आपोआप कशी हलेल? हातच हलत असणार."

"आणि बोलला नाहीत."

"आपण बोलतो कुठे?"

तिला आधी संताप आला, मग लाज वाटली, मग दोन्ही एकदम ओसरलं आणि ती रडायच्या बेतात आली. सांभाळून घेणारा तो खेकडा नव्हता. इतके महिने ज्याच्यापासून ती हात लपवत होती, त्यानेच तो हात धरून ठेवला होता. रविवारी तिच्यासमोर बसून भावाकडे मीठ मागणाऱ्या या माणसाने.

"डावी दांडी गेली ती माझ्यामुळेच," तो भिंतीला सांगावं तसं म्हणाला. "गेल्या शनिवारी पुन्हा तेल गरम लागलं. अजून ढील दिली. जास्त झाली. आतलं काहीतरी सुटलं असणार."

"हिला ढील द्यायला किती वेळ लागेल?"

"यंत्र बंद करावं लागेल. बंद केलं की चिमटा सुटतो."

पडद्यात छताचा तुकडा आणखी वीतभर खाली आला. तिने कमरेचे पट्टे सोडले आणि पेटी त्याच्यापुढे धरली. पेटी दोघांमध्ये हवेत कापत राहिली.

"तुम्ही घ्या, भाऊजी."

"मला ते बघवत नाही. अख्ख्या साइटला माहितीये."

"मग बघू नका."

त्याने तेलाची नळी खाली ठेवली. हात पँटला पुसले, पेटी घेतली, पट्टे आवळले. खुर्चीवर बसून त्याने डोळे मिटले. ती स्टूल ओढून पडद्याला जवळजवळ नाक लावून बसली. त्याचे अंगठे दांड्यांवर टेकले. नखांत काळं तेल आणि बोटं दगडासारखी स्थिर. पडद्यात खेकडा शांत झाला.

"सांगा," तो म्हणाला.

आजवर हे काम तिचे अंगठे करत आले होते आणि त्यांनी तोंडाला कधी काही कळवलं नव्हतं.

"चिमटा आहे तसाच धरा. आता मागे. हळू. त्याहून हळू. लहानपणी वडिलांच्या खिशातून विडी काढायचात ना, ते झोपलेले असताना? तसं."

त्याचा अंगठा थबकला. "हे भावाने सांगितलं तुम्हाला?"

"त्याला तेव्हाही कळत होतं. डोळे मिटा."

"मिटलेलेच आहेत."

खेकडा मागे सरकू लागला. टाकी त्याच्याबरोबर आली, कुरकुरत, पण आवाज या खोलीत येत नव्हता. ती सांगत होती. आता उजवीकडे नखभर. खाली फरशी फुटलीय, त्यावरून जाऊ द्या. आता पुढचा डावा पाय उचला, नाहीतर विटांत अडकेल. हां. टेकवा. तो तिच्या प्रत्येक शब्दामागोमाग जात होता, आणि मधूनमधून विचारत होता, टाकी तिरकी झाली का, छत कुठवर आलं. तिने त्याला कोटाबद्दलही सांगितलं, कारण कोट वाटेत होता.

"कुणाचा?"

"माहीत नाही. वळसा घाला."

त्याने काही न विचारता वळसा घातला. यंत्र दालनाच्या दारातून निम्मं बाहेर आलं होतं तेव्हा पडदा एकदम पांढरा झाला आणि पायाखालची जमीन हादरली.

"काय झालं? वहिनी?"

"पडलं," ती म्हणाली. "मागे पडलं. आपण पुढे आहोत."

धूळ खाली बसायला लागली. अंगणात टाकी ठेवायचा चौथरा होता. तिने त्याला तिथवर नेलं, टाकी टेकवायला लावली, चिमटा उघडायला लावला. काम झालं होतं. त्याचे डोळे अजून मिटलेले होते, कपाळावर घाम होता, आणि तोंडावर असा भाव होता, जो तिने या माणसाच्या तोंडावर कधी पाहिला नव्हता. लहान मुलाला कुणीतरी डोळे झाकून कुठेतरी नेतंय आणि त्याने भरवसा टाकलाय, तसा तो बसला होता. चाचणीच्या दिवशी त्याच्या पोटात काय काय ढवळलं असेल, याचा तिने आजपर्यंत एकदाही विचार केला नव्हता.

'उघडा आता डोळे' एवढंच म्हणायचं होतं. तोंडातून निघालं ते दुसरंच.

"आता सरळ चला. अंगण मोकळं आहे."

खेकडा सरळ निघाला. छताखाली इतके दिवस काढलेल्या त्या यंत्राच्या अंगावर ऊन पडलं होतं.

"उद्या साहेबांना हाताचं सांगते," ती म्हणाली. "हे असं चालायचं नाही."

"सांगा." अंगठे हलत राहिले. "ढील मी दिली, तेही सांगा."

"तुम्हाला काढतील, भाऊजी."

"काढू देत. रविवारी लवकर येईन जेवायला." थोडं थांबून तो म्हणाला, "मीठ जरा कमीच असतं तुमच्या हातचं."

"मग मला सांगायचंत ना इतकी वर्षं!"

"आता सांगितलं."

ती हसली आणि डोळे पुसायला हात वर नेला. तो कापत होता, तिने कापू दिला. "पुढे डबकं आहे," ती म्हणाली. "आभाळ दिसतंय त्यात. फोडू नका, कडेने घ्या. भिंतीवर गवत उगवलंय, पार वरपर्यंत. दोन पाखरं बसलीत. आपण आलो तरी उडाली नाहीत."

"वहिनी."

"काय?"

"टाकी मघाशीच ठेवली ना आपण?"

"हो."

त्याने मान डोलावली. डोळे उघडले नाहीत, अंगठेही उचलले नाहीत.

बाहेरून सुपरवायझरची हाक आली. "अहो सुईणबाई! खेकडा घेऊन कुठे निघालात फिरायला? चालवतंय कोण?"

तिने स्टूल आणखी पुढे ओढलं आणि सांगितलं, "आता डावीकडे."